तीन खेळांचा हिशोब आणि एक इंटरव्ह्यू

बोलिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? गुळगुळीत लाकडी पट्टा, तीन भोकं पाडलेला जड चेंडू, भाड्याने घेतलेले बूट? की धावत येणारा झहीर खान? तुमचं उत्तर काहीही असो, माझं उत्तर एकदा चुकलं होतं आणि ते मला एका नोकरीला पडलं!

त्याचं असं झालं. साल २००५. सोलापूरला इंजिनियरिंग संपवून मी पुण्यात मित्राच्या खोलीवर मुक्काम ठोकला होता. रोज सकाळी इस्त्रीचा एकुलता एक शर्ट घालायचा आणि इंटरव्ह्यूला निघायचं. एका कंपनीत (नावात काय आहे!) लेखी परीक्षेत पास झालो आणि दुपारी एका काचेच्या खोलीत मला कागद-पेन देऊन सांगण्यात आलं, "बोलिंगचा स्कोर काढणारा प्रोग्रॅम लिही. पाऊण तास आहे."

मी मनातल्या मनात उडीच मारली. म्हटलं, हे तर आपल्या घरचंच काम! शाळेच्या वयात आमच्या मैंदर्गीच्या टीमचा स्कोरर मीच होतो. बॅटिंग जेमतेम, बोलिंग त्याहून वाईट, पण अक्षर चांगलं, म्हणून वही कायम माझ्याकडे. मी झरझर लिहायला घेतलं. ओव्हर, मेडन, रन, विकेट. वाइड, नोबॉल. लेगबायचे रन बोलरच्या नावावर लावायचे नाहीत. सगळं नीट लिहून, चार उदाहरणं सोडवून, दहा मिनिटं आधीच कागद दिला.

समोरच्या साहेबांनी कागद वाचला, उलटा करून पाहिला आणि हसले. म्हणाले, "पिन कुठे आहेत?"

मला वाटलं कागदाला लावायची टाचणी मागतायत.

असो. नोकरी मिळाली नाही. पुढे दुसरीकडे मिळाली, सगळं नीट झालं. पण त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर कान जे गरम झाले होते ते अजून आठवतात. आता हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात आमच्या कंपनीत इंटरव्ह्यूच्या प्रश्नांची फाइल नव्याने तपासायचं काम माझ्याकडे आलं. चौथाच प्रश्न, "बोलिंगचा स्कोर काढणारा प्रोग्रॅम लिहा." बास. एवढंच. ठेवायचा की काढायचा हे मी ठरवायचं होतं. दोन शनिवार-रविवार त्यात घातले, आणि त्यात जे सापडलं ते इथे मांडतोय.

पिनांचा हिशोब

आधी ज्यांना माझ्यासारखंच माहीत नव्हतं त्यांच्यासाठी. दहा पिन, दहा फ्रेम. प्रत्येक फ्रेममध्ये दोनदा चेंडू टाकायचा. जेवढ्या पिन पडल्या तेवढे गुण. इथवर सोपं आहे. पण पहिल्याच चेंडूत दहाही पडल्या तर तो स्ट्राइक, आणि त्या फ्रेमचे गुण म्हणजे दहा अधिक पुढच्या दोन चेंडूंचे गुण. दोन चेंडूंत मिळून दहा पडल्या तर तो स्पेअर, म्हणजे दहा अधिक पुढच्या एका चेंडूचे गुण. समजा पहिल्या फ्रेममध्ये स्ट्राइक आणि दुसऱ्यात तीन आणि चार. तर पहिल्या फ्रेमचे सतरा, दुसरीचे सात, एकूण चोवीस. दहाव्या फ्रेममध्ये स्ट्राइक किंवा स्पेअर झाला तर जादा चेंडू मिळतो, त्यामुळे एका डावात जास्तीत जास्त २१ चेंडू. आणि सगळे स्ट्राइकच पडले तर १२ चेंडूंत पूर्ण ३०० गुण.

गंमत लक्षात आली? आज घडलेल्या गोष्टीची किंमत उद्या ठरते. स्ट्राइक पडला त्या क्षणी त्याचे गुण सांगताच येत नाहीत. प्रोग्रॅमरला हा प्रश्न आवडतो तो त्यामुळेच.

हा खेळ युरोपातून अमेरिकेत गेला. तिथे गावोगावचे नियम वेगळे होते. १८९५ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन बोलिंग काँग्रेस स्थापन झाली आणि नियम एकसारखे झाले. पडलेल्या पिन पुन्हा उभ्या करायला पोरं ठेवलेली असायची, त्यांना पिनबॉय म्हणत. १९४६ साली एएमएफ कंपनीने हे काम करणारं यंत्र लोकांना दाखवलं, आणि १९५० च्या दशकात ती यंत्रं पसरत गेली तशी पिनबॉयची नोकरी गेली. स्कोर मात्र त्यानंतरही बराच काळ लोक पेन्सिलीने कागदावर मांडत. म्हणजे बोलिंग खेळणाऱ्या अमेरिकन माणसाला हा हिशोब आपल्या पाढ्यांसारखा तोंडपाठ असायचा. तिथल्या प्रोग्रॅमरला "बोलिंगचा स्कोर" एवढं म्हटलं तरी पुरायचं, ते म्हणून.

आपल्या धंद्यात हा प्रश्न गाजला तो रॉबर्ट मार्टिन यांच्यामुळे. ॲजाइल पद्धतीवरचं त्यांचं पुस्तक २००२ साली आलं. त्यात एक पूर्ण प्रकरण संवादाच्या रूपात आहे. मार्टिन आणि रॉबर्ट कॉस हे दोघं शेजारी बसून बोलिंगचा प्रोग्रॅम लिहितायत. सुरुवातीला दोघं फ्रेमचा क्लास हवा, चेंडूचा क्लास हवा असं बोलतात. आधी टेस्ट, मग कोड, असं करत करत शेवटी पाहतात तर फ्रेमचा क्लासच उरलेला नाही! खेळ आणि स्कोरर, एवढे दोनच क्लास. डोक्यातलं चित्र आणि प्रश्नाची खरी गरज यांत किती फरक असतो हे त्या प्रकरणात फार सुंदर दिसतं.

पण मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. त्या प्रकरणाच्या शेवटी मार्टिन यांनी बोलिंगचे नियम वेगळे लिहून दिले आहेत. वाचकाला माहीत नसेल, हे त्यांनी धरून चाललं होतं. खुद्द अमेरिकन माणसाने! आपण मात्र तो प्रश्न उचलला आणि नियमांचं पान तिथेच ठेवून आलो.

आपल्याकडे हा खेळ नक्की कोणाच्या ओळखीचा होता? मुंबईत लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात शतक संपता संपता बोलिंग ॲली सुरू झाली, आणि बऱ्याच मराठी पोरांनी ती पहिली पाहिली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, ते याच गिरणगावातून. जिथे भोंग्यावर घड्याळ लावलं जायचं तिथे वीस वर्षांत स्ट्राइकचा अर्थ दहा पिन पाडणं असा झाला. मैंदर्गीच्या पोराने २००५ साली हे कुठून पाहिलेलं असणार?

आणि आता खरी मजा. २००७ साली ऑफिसच्या टीमबरोबर मी पहिल्यांदा ॲलीत गेलो. दीड तास खेळलो. स्कोर वर टीव्हीवर आपोआप येत होता. मी सहज विचारलं, "हे सतरा कसे झाले?" आठ जणांपैकी एकालाही सांगता आलं नाही! सगळे इंजिनियर. म्हणजे जे नेहमी जायचे त्यांनाही नियम येत नव्हते, त्यांना फक्त पिन कुठे आहेत ते ठाऊक होतं.

षटकांचा हिशोब

आता माझ्या चुकलेल्या उत्तराकडे येऊ. क्रिकेटच्या बोलिंगचा हिशोब काही कमी नाही हो!

पहिली पाचर म्हणजे तो टिंब. १८.३ ओव्हर म्हणजे अठरा पूर्णांक तीन दशांश नव्हे. १८ ओव्हर आणि ३ चेंडू. एका बोलरने १८.३ आणि दुसऱ्याने ४.४ ओव्हर टाकल्या तर बेरीज २२.७ येत नाही. १११ चेंडू अधिक २८ चेंडू म्हणजे १३९, म्हणजेच २३.१ ओव्हर. टिंबाच्या उजवीकडे सहाचा पाढा चालतो, डावीकडे दहाचा. नवशिका प्रोग्रॅमर इथे हमखास आपटतो.

दुसरी पाचर, तो सहाही कायमचा नाही. इंग्लंडमध्ये आधी चार चेंडूंची ओव्हर होती, १८८९ साली पाच झाले, १९०० साली सहा. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या मोसमापर्यंत आठ चेंडूंची ओव्हर टाकत. म्हणजे जुन्या स्कोरकार्डात नुसतं "२० ओव्हर" लिहिलेलं असेल तर ते किती चेंडू, हे देश आणि साल विचारल्याशिवाय कळत नाही. तिसरी पाचर, वाइड आणि नोबॉल बोलरच्या खात्यावर लावायला सुरुवात झाली १९८० च्या दशकात. त्याआधी एखाद्या ओव्हरमध्ये वाइड पडूनही ती मेडन धरली जायची. नियम बदलले तरी जुने आकडे तसेच राहतात. ज्यांनी कधी जुन्या डेटाबेसवर काम केलंय त्यांना हे दुखणं कळेल!

माझ्या प्रोग्रॅमच्या टेस्टसाठी मी आकडे निवडले ते अर्थातच बापू नाडकर्णींचे. जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्धची टेस्ट. ३२ ओव्हर, २७ मेडन, ५ रन, ० विकेट. नाशिकला १९३३ साली जन्मलेल्या या डावखुऱ्या बोलरने लागोपाठ २१ मेडन टाकल्या. समोर ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन. सलग १३१ चेंडूंवर रन नाही. इथे एक छोटा हिशोब करून बघा. २१ ओव्हरचे होतात १२६ चेंडू. मग वरचे ५ कुठून आले? त्या २१ ओव्हरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या ओव्हरमधले. म्हणजे प्रोग्रॅमने नुसत्या ओव्हर मोजल्या तर उत्तर १२६ येईल, चेंडू मोजले तर १३१. दोन्ही बरोबर, फक्त प्रश्न वेगळा.

आमचे अण्णा रेडिओवर बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंटरी ऐकत वाढलेले. नाडकर्णींचं नाव निघालं की ते ठरलेली गोष्ट सांगायचे, की बापू नेटमध्ये पिचवर नाणं ठेवून त्यावर टप्पा टाकायचा सराव करत. आणि शेवटी नेहमीचं वाक्य, "विकेट शून्य लिहिलंय म्हणून त्या दिवशी काही केलं नाही असं समजू नको." टेस्टमध्ये ८८ विकेट घेतलेल्या या माणसाची कारकिर्दीतली सरासरी षटकाला १.६७ रन अशी आहे. २०२० च्या जानेवारीत ते गेले, तेव्हा सगळ्या बातम्यांच्या मथळ्यात मद्रासचेच आकडे होते.

विटीचा हिशोब

इथवर लिहून मी थांबणार होतो. पण फोनवर अण्णांना हे सगळं सांगत होतो तर ते म्हणाले, "विटी-दांडूचा प्रोग्रॅम लिहिलास का?"

मी गप्पच झालो. कारण तो तर मी कधीच हिशोब म्हणून पाहिला नव्हता.

मैंदर्गी अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेला लागून. शाळा मराठी, घरात आणि बाजारात कानडी, आणि भांडण दोन्हीत. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात अक्कलकोटचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावा असं सुचवलं होतं. महाराष्ट्राने तो अहवाल मानला नाही. आमच्या गल्लीत मात्र दोन्ही भाषा एकाच दांडूने मोजत होत्या. विटी जाऊन पडली की खड्ड्यापासून तिथपर्यंत दांडूने मोजत जायचं. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वैद, झकू. सात झाले की पुन्हा वकट. शेवटी ज्या शब्दावर मोजणी थांबेल त्यावर पुढचा टोला कसा मारायचा ते ठरायचं. वकट आला तर विटी पायाच्या चवड्यावर ठेवून उडवायची, मूंड आला तर मुठीवर, असं प्रत्येकाचं वेगळं. आणि पुरे झालेले झकू तेवढे गुण. (तुमच्या गावात वेगळं असेल. विटी-दांडूचे नियम दर बारा कोसांवर बदलतात, भाषेसारखेच.)

आता जरा प्रोग्रॅमरच्या डोळ्यांनी बघा. अंतर २३ दांडू भरलं. सातने भागा. भागाकार तीन, म्हणजे तीन झकू, तीन गुण. बाकी दोन, म्हणजे लेंड. बाकीवरून पुढची चाल ठरते! भागाकार गुणांचा आणि बाकी नियमांची. कॉलेजात मोड्युलो शिकवताना सरांनी घड्याळाचं उदाहरण दिलं होतं. विटी-दांडूचं दिलं असतं तर आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना एका मिनिटात कळलं असतं. आणि बाकी शून्य आली तर? तर झकू. शून्याला सात म्हणायचं. या एका जागी माझा प्रोग्रॅम पहिल्यांदा चुकला, आणि आठ वर्षांचा असताना मी तिथे कधीच चुकलो नव्हतो.

आणि हे शब्द कुठले? आज्जीच्या तोंडी आकडे कानडी. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु. त्यातले नाल, आर, वैद आम्हाला लहानपणीच ओळखीचे वाटायचे, पण वकट आणि लेंड कुठून आले ते कळत नव्हतं. ते कोडं सुटलं सोलापूरच्या होस्टेलवर. खोलीतला मित्र तिथल्या तेलुगू विणकर घरातला. त्याने सहज मोजून दाखवलं, ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु. वकट आणि लेंड समोर उभेच राहिले! म्हणजे महाराष्ट्रात ज्यांना कानडी-तेलुगूचा गंध नाही अशीही पोरं हे दक्षिणेकडचे आकडे म्हणत विटी मोजत आली. ते कधी आणि कोणाबरोबर आले ते शब्दांवर लिहिलेलं नाही. पण या मुलखात भाषा शेजारी शेजारी किती जुन्या काळापासून नांदतायत याची एक खूण आमच्याच जिल्ह्यात आहे. भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग-कुडलचा शिलालेख शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा. तारखेसह सापडलेल्या अगदी जुन्या मराठी लेखांत त्याची गणना होते. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. मराठीचा तो जुना पुरावा सापडला कुठे, तर जिथे आजही बाजारात कानडी ऐकू येतं तिथे.

अजून एक गंमत तुमच्या लक्षात आली का? कानडीत आणि तेलुगूत ऐदु म्हणजे पाच आणि आरु म्हणजे सहा. आमच्या मोजणीत आर आधी येतो आणि वैद नंतर! कोणीतरी कधीतरी अदलाबदल केली आणि पिढ्यान् पिढ्या पोरं तीच म्हणत आली. आज्जी दारात बसून ओरडायची की पाचाआधी सहा कसे रे येतात. आम्ही म्हणायचो, विटी-दांडूत येतात! सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर चालू सिस्टिममधला जुना बग. सगळे त्यावर अवलंबून आहेत, आता दुरुस्त केला तर खेळ मोडेल.

मग प्रश्नाचं काय झालं?

फाइल परत करायच्या आधी टीममधल्या एका सीनियरशी माझा वाद झाला. तो म्हणाला, "ज्याला नियम माहीत नाहीत त्याने विचारावं ना! क्लायंटकडे काय सगळं लिहून मिळतं का? हीच तर परीक्षा आहे."

मुद्दा खोटा नाही. मी त्या दिवशी विचारायला हवं होतं, "कुठलं बोलिंग?" एवढे दोन शब्द. पण मी विचारलं नाही ते मला शंका आली नाही म्हणून. माझ्या जगात बोलिंग एकच होतं. ज्याला शंकाच येत नाही तो विचारणार काय? आणि खरं सांगायचं तर शंका आली असती तरी त्या काचेच्या खोलीत, त्या इस्त्रीच्या शर्टात, मी विचारलं असतं याची मला खात्री नाही. आपल्याला काही माहीत नाही हे बोलून दाखवायला आधी आपण तिथे बसायच्या लायकीचे आहोत असं वाटावं लागतं. ते मला नोकरीत दोन-तीन वर्षं काढल्यावर वाटायला लागलं.

मी त्याला उलट विचारलं, "तुला मी म्हटलं वकट-लेंडचा स्कोर काढ, पाऊण तास आहे, तर?" तो म्हणाला, "हे काय असतं?" मी म्हटलं, "बघ, तू विचारलंस. कारण तुला इथे नोकरी आहे."

तो हसला. मग आम्ही दोघांनी बसून तो प्रश्न बदलला. काढला नाही, कारण प्रश्न खरंच चांगला आहे. आता वर अर्ध्या पानात नियम आहेत, खाली दोन सोडवलेली उदाहरणं आहेत, आणि शेवटी एक ओळ, "काहीही अडलं तर विचारा, विचारण्याचे गुण कापले जात नाहीत." आणि विचारून घेण्याची परीक्षा हवीच असेल तर त्यासाठी एक वेगळा प्रश्न घातलाय, ज्यात मुद्दाम एक नियम अपुरा ठेवलाय आणि तसं स्पष्ट लिहिलंय.

तिन्ही प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर आहेत. पहिल्याची टेस्ट ३०० वर पास होते. दुसऱ्याची ३२-२७-५-० वर. तिसऱ्यात सात शब्दांची यादी आहे, आणि आर-वैदच्या ओळीवर मी एक सूचना लिहून ठेवलीय की हा क्रम चुकीचा दिसतो, पण कृपया बदलू नये.

अण्णांना तो चालवून दाखवला. त्यांनी २३ घातले, लेंड आला, मान डोलावली. मग म्हणाले, "आज्जी असती तर तेवढ्यावरून अजून भांडली असती."